खाल्ल्या मिठाला जागावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी समितीने मला केली तेव्हा आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटली. मी विद्वान नव्हे आणि वक्ता तर नव्हेच. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी आणि केंद्र सरकारच्या सेवेत टिपणे लिहिण्यात घालवलेली तीसहून अधिक वर्षे, एवढीच माझी शिदोरी. सरकारी टिपणाचा एक गुण मात्र मला ठाऊक आहे. त्यात आधी वस्तुस्थिती मांडावी लागते आणि प्रस्ताव शेवटी येतो. आज मी त्याच पद्धतीने बोलणार आहे. माझ्याजवळ एक प्रस्ताव आहे, पण तो शेवटी.

परदेशी शहरांच्या प्रेमात पडलेल्या प्रवाशांची पुस्तके आपण वाचलेली असतात. इटलीला गेलेला माणूस तर तेथील एखाद्या शहरावर जीव लावल्याशिवाय परत येतच नाही. त्या देशात बोलोन्या नावाचे एक शहर आहे. अकराव्या शतकापासूनच्या तेथील विद्यापीठामुळे लोक त्याला 'विदुषी' म्हणतात आणि तेथील खाण्यापिण्यामुळे 'लठ्ठ' असेही म्हणतात. विद्या आणि अन्न यांचा असा संगम असलेल्या शहराचे वर्णन वाचताना मला वाटे, हे मी कोठेतरी पाहिले आहे. मग ध्यानात आले की मी तर तेथेच राहतो आहे! फक्त आमच्या बोलोन्यात पास्त्याऐवजी दोसा मिळतो.

परंतु हे प्रेम पहिल्या भेटीतले नव्हे. 1999 सालच्या जून महिन्यात बदलीचा हुकूम खिशात घालून मी येथे उतरलो, तेव्हा माझ्या मनात या शहराविषयी कसलीही ओढ नव्हती. बरोबर पत्नी, तीन वर्षांची कन्या आणि माझी वृद्ध आई. आम्ही मूळचे पेणचे. आईला गणपतीचे कारखाने, मिठागरे आणि वालाचे बिरडे यांपलीकडचे जग फारसे ठाऊक नव्हते. तीन वर्षे काढायची आणि महाराष्ट्रात परतायचे, असा माझा हिशेब होता. घरातील अर्धे सामान तर आम्ही खोक्यांतून काढलेच नाही. बसवनगुडीत एका जुन्या घराचा मागचा भाग भाड्याने मिळाला. पुढच्या भागात घरमालक, त्यांचे कुटुंब आणि त्यांची आई राहत. त्या बाईंना सारी गल्ली 'अज्जी' म्हणत असे. आमच्या आईने त्यांना दुसऱ्या दिवशीच 'अज्जीबाई' करून टाकले.

येथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची पहिली फजिती हॉटेलात होते. माझीही झाली. या शहरात 'दर्शिनी' नावाची उभ्याने खाण्याची उपाहारगृहे आहेत. ऐंशीच्या दशकात ती येथे सुरू झाली आणि गल्लोगल्ली पसरली. अशाच एका दर्शिनीत पहिल्या सोमवारी सकाळी मी फलक वाचून 'खारा भात' मागितला. सकाळी सकाळी थोडा खारट भात खाऊ, असा सरळ विचार. ताटली आली, त्यात भाताचे एक शीत नव्हते. होते ते भाज्या घातलेले उप्पीट. आणि ते खारट नव्हते, तिखट होते! कन्नडमध्ये 'खार' म्हणजे तिखट, हे ज्ञान मला डोळ्यांत पाणी येऊन झाले. दुसऱ्या दिवशी शहाणपणाने 'केसरी भात' मागितला. केसरी म्हटले की आपल्याला टिळकांचे वर्तमानपत्र आठवते. येथे तो तुपाने माखलेला शिरा निघाला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गृहस्थाने मागितलेला 'चौ चौ भात' पाहिला, तर एकाच ताटलीत उप्पिटाचा एक मुटका आणि शिऱ्याचा एक. आपल्याकडे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात वेगवेगळ्या बशांतून येणारे हे दोन पदार्थ येथे रोज सकाळी एका ताटलीत नांदतात, याचे मला फार कौतुक वाटले.

पण खरा चमत्कार पुढे आहे. येथे 'वांगी भात' नावाचा पदार्थ घरोघरी होतो. कन्नडमध्ये वांग्याला 'बदनेकाई' म्हणतात आणि भाताला 'अन्न'. म्हणजे या पदार्थाच्या नावातले दोन्ही शब्द मराठीशी नाते सांगणारे! उलट, आपण ज्याला 'उप्पीट' म्हणतो, ते येथील 'उप्पिट्टु'. उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. आपली कोशिंबीर ती यांची कोसंबरी, आपले सार ते यांचे सारु, आपली चकली ती यांची चक्कुली, आपले तूप ते यांचे तुप्प. लग्नाच्या पंगतीत येथे चिरोटी वाढतात, वर पिठीसाखर आणि बदामाचे दूध. अक्का आणि अण्णा हे शब्द तर दोन्ही घरांत एकाच मायेने हाक मारतात. कोणता शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. स्वयंपाकघरातील माणसांनी या उसनवारीची नोंद कधी ठेवली नाही, एवढे मात्र दिसते.

आईचे या शहराशी प्रथम मुळीच जमेना. येथील आमटीत गूळ आहे आणि भाजीत खोबरे अधिक आहे, अशा तिच्या तक्रारी. अज्जी रोज सकाळी मागच्या अंगणात येऊन विचारीत, "ऊट आयता?" त्याचा अर्थ 'जेवण झाले का?' असा, आणि आपण जसे 'काय, बरे आहे ना?' म्हणतो, तसे येथे हे विचारतात. आईला तो अर्थ कळेना. एका रात्री तिने मला काळजीने विचारले, "अरे, ही बाई रोज माझ्यापाशी उंटाची चौकशी का करते?"

त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला आणि चित्र पालटले. डिसेंबर-जानेवारी हा येथे अवरेकाईचा हंगाम. बाजारात शेंगांचे ढीग पडतात आणि त्यांच्या उग्र, रानटी सुवासाने पिशव्या आणि हात दरवळत राहतात. त्या वासाला येथे 'सोगडु' असे खास नाव आहे. थंडीत धुके पडले की शेंगेला तो वास अधिक भरतो, असे येथील जुनी माणसे सांगतात. अज्जी ओसरीवर बसून पाण्यात भिजवलेले दाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमटीत धरून दाबत होत्या. साल हातात राही आणि आतले हिरवट डाळिंब टुपकन पातेल्यात पडे. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने ते पाहिले, हातातला पिळा तसाच बादलीत टाकला आणि एक शब्दही न बोलता अज्जींच्या शेजारी जाऊन बसली. तिने एक दाणा उचलला, पाहिला, चिमटीत दाबला. आणि म्हणाली, "अगो बाई, हे तर आपले वाल!"

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. वाल, पावटा आणि अवरे ही एकाच वेलीच्या कुळातली भावंडे. आपण कोरडे वाल भिजवून, मोड आणून सोलतो. हे लोक ओला दाणा भिजवून सोलतात आणि त्याला 'हितकिद बेळे', म्हणजे चिमटून काढलेली डाळ म्हणतात. चिमटीची रीत मात्र एकच. त्या सकाळी दोघींनी मिळून दोन शेर दाणे सोलले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या दुपारी अज्जींकडून खोबऱ्याच्या वाटणातले सारु आले आणि आमच्याकडून त्याच दाण्यांचे, गूळ-कोकम घातलेले बिरडे गेले. रात्री कन्या पुढच्या घरातून येऊन म्हणाली, "अज्जींनी बिरडं दोनदा घेतलं." आईने त्या आठवड्यात खोकी उघडायला घेतली. वरवंटा, पुरणयंत्र, मोदकाची पाळी पाडायची जुनी ताटली, सारे बाहेर आले. त्या दिवशी आम्ही खऱ्या अर्थाने बंगळूरला आलो.

या शहराच्या नावाची एक दंतकथा सांगतात. वीर बल्लाळ नावाचा होयसळ राजा शिकारीत वाट चुकला. भुकेने व्याकूळ होऊन तो एका म्हातारीच्या झोपडीपाशी आला. तिने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले. म्हणून हे गाव 'बेंद काळ ऊरु', उकडलेल्या दाण्यांचे गाव. इतिहास याला मान्यता देत नाही. बेगूर येथील नवव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात 'बेंगळूरु' हे नाव आधीच कोरलेले आहे आणि बल्लाळ राजा त्यानंतर कित्येक पिढ्यांनी झाला. इतिहासाचा निर्णय मला शिरोधार्य आहे. तरीही वाट चुकलेल्या परक्या माणसाला एक म्हातारी दाणे खाऊ घालते, ही गोष्ट मी माझ्या ओसरीवर घडताना पाहिली आहे.

पुढे अज्जींचे चिरंजीव मला रविवारी शहर दाखवू लागले. शहर दाखवणे म्हणजे खाऊ घालणे, अशी त्यांची व्याख्या होती. गांधी बाजारात 1943 साली सुरू झालेले 'विद्यार्थी भवन' आहे. तेथील वाढपी एका हातावर दोशाच्या ताटल्यांची उतरंड रचून गर्दीतून चालत येतो. ते पाहण्यासाठी सुद्धा मी तेथे जाईन. दोसा बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. पण मला त्याहून मोठी वाटली ती तेथील भिंत. त्या भिंतीवर कन्नड साहित्यिकांची आणि थोरांची रेखाचित्रे आहेत. लालबागेजवळच्या 'मावळ्ळी टिफिन रूम्स'ची परंपरा 1924 पर्यंत मागे जाते. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी रव्याची इडली करून पाहिली आणि ती पुढे देशभर गेली, अशी तिची जन्मकथा सांगतात. टंचाईतून रडगाणे जन्मण्याऐवजी पदार्थ जन्मावा, हा या मातीचा स्वभाव मला आवडला.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, 'कडलेकाई परिषे'. आसपासच्या मुलखातून शेतकरी भुईमुगाचे नवे पीक घेऊन येतात. पूर्वी या रानात एक बैल शेंगांचे पीक खाऊन जाई, म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक नंदीला वाहण्याचा नवस केला, अशी तिची कथा. आता गंमत पाहा. भुईमूग हे मूळचे आपल्या देशातले पीकच नव्हे. ते दक्षिण अमेरिकेतून समुद्रमार्गे आले. परदेशातून आलेली शेंग या मातीत रुजली आणि देवाच्या नैवेद्याला पोहोचली. मग पेणहून आलेल्या माणसाने येथे परके का राहावे, असा प्रश्न मला त्या जत्रेत पडे.

परंतु मी परका राहिलो होतो, आणि त्याचा दोष या शहराकडे नव्हता. हे सांगणे मला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

2001 सालची गोष्ट. मी येथे येऊन दोन वर्षे झाली होती. खाण्याच्या पदार्थांची नावे सोडली तर मला कन्नड येत नव्हते, आणि शिकावे असे वाटतही नव्हते. मराठी बोलायला मंडळ होते, कार्यालयात इंग्रजी होती, बाजारात हिंदी चालत होती. एके दुपारी खेड्यातून एक वृद्ध गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. खांद्यावर पांढरे उपरणे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. माझा कन्नड जाणणारा सहायक त्या दिवशी रजेवर होता. ते बराच वेळ काही सांगत होते. मी हिंदीत विचारले, त्यांना कळेना. मग मला पाठ असलेले एकमेव वाक्य मी त्यांना ऐकवले, "कन्नड गोत्तिल्ला." कन्नड येत नाही. बंधुभगिनींनो, ते वाक्य मी खेदाने म्हणालो असतो तर आज मला एवढे टोचले नसते. मी ते जरा तोऱ्यात म्हणालो. जणू न येणे हाच माझा हुद्दा होता. त्या गृहस्थांनी हात जोडले, कागद पुन्हा पिशवीत गुंडाळले आणि ते निघून गेले.

संध्याकाळी घरी मी ही हकीकत उलट तक्रारीच्या सुरात सांगितली, की हे लोक हिंदीसुद्धा शिकत नाहीत. आई वाती वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना पेणच्या कचेरीत कोणी असं परत पाठवलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो, ते मला चांगले ठाऊक होते. कारण मुंबईत परप्रांतीय माणूस मराठी शिकत नाही म्हणून मी कॉलेजच्या दिवसांत तावातावाने वाद घातलेले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी त्यांची फाईल काढली. काम अवघड नव्हतेच. एका दाखल्याची प्रत कमी होती. सहायक परत येताच त्यांच्या पत्त्यावर कन्नडमध्ये पत्र पाठवले आणि त्याच संध्याकाळी अज्जींसमोर पाटी घेऊन बसलो. अज्जी मास्तरीण म्हणून फार कडक निघाल्या. चूक झाली की कॉफी मिळत नसे. आठवडाभराने ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आले. मला वाटले, ते रागावलेले असतील. त्यांनी समोर बसून प्रथम काय विचारले असेल? "ऊट आयता, स्वामी?" मी उत्तर दिले, "आयतु. निम्मदु?" झाले, तुमचे? माझे आयुष्यातले ते पहिले कन्नड संभाषण. त्या वाक्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की एवढे स्वस्त आणि एवढे मोलाचे काम मी दोन वर्षे का केले नाही, याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून शहराचे दार माझ्यासाठी उघडले. ते आधीही बंद नव्हते. मीच ढकलून पाहिले नव्हते.

2003 साली अज्जींचे थोरले बंधू वारले. ते त्यांच्याकडेच राहत. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे लोक पिठले-भाकरी किंवा पिठले-भात घेऊन जातात. त्याला आपण 'कडू घास' म्हणतो. आईने पिठले-भात करून पुढच्या घरी नेला. तोवर मला बऱ्यापैकी कन्नड येत होते. तिच्या सांगण्यावरून मी अज्जींना ही रीत समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, एक घास घेतला आणि ताट लेकाकडे सरकवले. त्यांच्या लक्षात ते कितपत राहिले असेल, हे मला ठाऊक नव्हते.

2006 च्या फेब्रुवारीत आई गेली. दोन दिवसांचा आजार, आणि पहाटे सारे संपले. गावाकडची माणसे पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. स्मशानातून परत आलो तेव्हा खांदा देणाऱ्यांत आपल्या मंडळाचे तिघे होते आणि बाकीचे गल्लीतले होते. घरात कन्या एका कोपऱ्यात बसली होती. कोणाला भूक नव्हती, पण लेकराने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. आणि मागच्या दारातून अज्जी आल्या. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. हातात झाकलेले पातेले. त्यांनी झाकण काढले तर आत पिठले. थोडे पातळ, वर कढीलिंबाची आणि मोहरीची फोडणी आणि खोबऱ्याचा कीस. पेणच्या पिठल्यात असे खोबरे नसते. अज्जींनी तीन वर्षे ती रीत मनात जपून ठेवली होती आणि कृती नीट ठाऊक नसताना अंदाजाने केली होती. त्या खाली बसल्या, भात कालवला, पहिला घास माझ्या कन्येला भरवला आणि मला म्हणाल्या, "ऊट माडि." जेवा.

आईसाठी तोवर मला रडू आले नव्हते. ते त्या घासाला आले.

पुढे 2009 साली माझी बदली झाली आणि चार वर्षे आम्ही उत्तरेकडे काढली. तेथे अन्न उत्तम होते, माणसे चांगली होती, पण डिसेंबर आला की घरात कोणीतरी म्हणे, "आता गांधी बाजारात अवरेकाई आली असेल." 2013 साली पसंतीचे ठिकाण विचारले गेले. पुणे आणि मुंबई दोन्ही शक्य होते. मी बंगळूर लिहिले. सहकाऱ्यांना वाटले, मी चुकून लिहिले.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. पन्नास वर्षे या संस्थेने गणेशोत्सव केला, नाटके आणली, कोजागिरीचे दूध आटवले, आपल्या मुलांच्या कानांवर मराठी पडत ठेवली. पहिल्या बदलीत एकटे पडलेल्या कितीतरी कुटुंबांना येथे आधार मिळाला, त्यांत आम्हीही होतो. हे ऋण मी विसरत नाही. परंतु आपल्या प्रत्येक समारंभात एक वाक्य हमखास येते, की बंगळूर हे शहाजीराजांचे गाव आहे, आपण येथे पाहुणे नव्हे. ते खरे आहे. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने हे शहर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला व्यंकोजीराजांनी दान दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. 1664 मध्ये शहाजीराजांनी देह ठेवला तोही याच कर्नाटकाच्या मातीत, होदिगेरे येथे. पण या इतिहासातून आपण केवळ हक्क उचलतो. शहाजीराजांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यात संस्कृताच्या जोडीला अनेक देशभाषा नांदतात. ज्या दरबारात कवी अनेक भाषांत बोलत, त्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला पंचवीस-पंचवीस वर्षे येथे राहून भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करावी लागते, हे कसे शोभते? दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. ते कन्नडचे वरकवी झाले आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामुळे त्यांची मराठी उणी झाली नाही. ते मराठीतही लिहीत राहिले.

या शहराचे रूप आज पालटले आहे. तलाव आटले, रस्ते तुंबले, आणि आपली भाषा आपल्याच गावात मागे पडते आहे ही खंत येथील माणसाच्या मनात आहे. ती कधी कधी कडवटपणे बाहेर पडते, तेव्हा आपण दुखावतो. मला त्या कडवटपणाचे समर्थन करायचे नाही. पण ती खंत आपल्याला समजली नाही, तर कोणाला समजावी? गिरगाव आणि दादरची आठवण काढून आपण हेच बोलतो. दोन राज्यांमधला सीमेचा वाद न्यायालयापुढे आहे. तो तेथे राहो. वालाच्या वेलीने आणि वांगीभाताने ती सीमा कधीच मानलेली नाही.

म्हणून माझा प्रस्ताव. मंडळाच्या या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी कन्नडचा वर्ग सुरू व्हावा. शिक्षक मिळेपर्यंत प्राथमिक वर्ग घ्यायला मी तयार आहे, आणि चुकणाऱ्याला कॉफी मिळणार नाही. दुसरे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सभासद कुटुंबाने एका कन्नड शेजारणीला घेऊन यावे. आपण म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्या दिवशी येथे घरोघरी तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण वाटतात आणि म्हणतात, एळ्ळु-बेल्ल खा, चांगले बोला. एकच वाक्य आपण एकाच दिवशी दोन भिंतींच्या आड म्हणत आलो आहोत. ते एकदा एका खोलीत म्हणून पाहू.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. पेणचे घर दुरुस्त करून ठेवले आहे. 'कधी निघणार?' असे सारे विचारतात. गणपतीच्या दिवसांत पेणला जाईन, आंब्यांसाठी जाईन. पण बिऱ्हाड येथेच राहील. अज्जी 2017 मध्ये गेल्या. तेव्हा कडू घास आमच्या घरातून गेला. पिठल्यावर खोबऱ्याचा कीस घालायला माझी पत्नी विसरली नाही. त्यांच्या सूनबाई गेल्या डिसेंबरातही सकाळी मागच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "अवरेकाई आणली आहे, बसायला या." मीही बसलो. माझी चिमूट अजून नीट बसत नाही. निम्मे दाणे सालीबरोबर जातात. निवृत्तीनंतर त्याचा सराव करायचा आहे.

बाहेर पाने मांडली आहेत, वास येथपर्यंत येतो आहे, तेव्हा अधिक वेळ घेत नाही. ऊट माडि.

जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, जय हिंद.